पाडव्यापासून मृगापर्यंत

लिंबाला मोहोर आला की माझं डोकं फिरायला लागतं. आमच्या कारखान्याच्या फाटकाशी दोन जुने कडुलिंब आहेत. चैत्र लागायच्या आधीच त्यांची बारीक पांढरी फुलं गळून सिमेंटच्या रस्त्यावर पसरतात, सकाळच्या हवेला तो कडसर गोड वास येतो आणि गाडी लावता लावता कुणीतरी हमखास म्हणतं, "काय छान वास सुटलाय ना मॅडम!" सुटलाय की. मी कुठे नाही म्हणते? पण त्या वासाबरोबर मला तापलेल्या पत्र्याचा वास येतो, भिजवून पिळलेल्या टॉवेलांचा येतो, आणि एका गच्च भरलेल्या हॉलमध्ये माझ्यासाठी वाजलेल्या टाळ्या ऐकू येतात. त्या टाळ्यांचा मला जितका राग आहे तितका सोलापूरच्या उन्हाचाही नाही.

सोलापूरचा माणूस उन्हाची तक्रार करतो तीसुद्धा जरा ऐटीत. पुण्याचा पाहुणा आला की आधी त्याला पारा किती चढलाय ते सांगायचं, मग त्याचं तोंड बघायचं आणि वर म्हणायचं, "हे काहीच नाही, मे महिन्यात या." नव्या पेठेत दुपारी दोन वाजता निम्म्या दुकानांची शटरं अर्धी ओढलेली असतात. आत मालक गादीवर आडवा झालेला असतो आणि गिऱ्हाइकालाही त्यात वावगं वाटत नाही. रिक्षावाला सावली गाठून मागच्या सीटवर पाय दुमडून झोपतो. कावळासुद्धा चोच उघडी टाकून गप्प बसतो. दुपारी थांबायचं असतं, हे या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्या कारखान्याला मात्र त्याच्या उलटं शिकवलं गेलं, आणि ते मी शिकवलं.

उन्हाळ्यावर छान छान लिहिणारे लोक बहुतेक सावलीत बसून लिहितात. वाळ्याचे पडदे, माठ, कैरीचं पन्हं. मीही आत्ता सावलीतच बसले आहे, डोक्यावर पंखा फिरतो आहे. म्हणून पन्ह्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोडच्या बाजूला आहे. मी तिथे टाइम ऑफिसात असते, म्हणजे हजेरी, पाळ्या, रजा आणि किल्ल्या माझ्याकडे. शिलाईच्या शेडमध्ये साठेक बायका टॉवेलच्या कडा शिवतात. त्यांनाही पंखे आहेत, पण ते लावता येत नाहीत. पंखा लावला की टॉवेलची लव उडते, नाकाडोळ्यांत जाते, सुईखाली येते, माल खराब होतो. वर नुसता पत्रा. दुपारी बारानंतर तिथे उभं राहिलं तर कुणीतरी टाळूवर तवा धरल्यासारखं वाटतं. मशीनचं लोखंड हाताला चटके देतं. बायका नापास मालातला एखादा टॉवेल भिजवून मानेवर टाकतात, तो अर्ध्या तासात वाळून कडक होतो, मग पुन्हा भिजवतात.

म्हणून तिथे एक रीत होती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून मृग निघेपर्यंत शिलाईची वेळ सकाळी साडेसहा ते दुपारी दीड. बाकी वर्षभर नऊ ते साडेपाच. थोरल्या साहेबांनी कारखाना काढला तेव्हापासून हे असंच चालत आलेलं. कुठल्या कागदावर नव्हतं, कुणाची सही नव्हती. पाडव्याच्या आदल्या दिवशी शेडमधली सगळ्यांत जुनी बाई दाराशी नारळ फोडायची आणि म्हणायची, "उद्या पाडवा. परवापास्नं सकाळी." झालं. खोबरं वाटायचं आणि कामाला लागायचं.

त्या सकाळी मी आठ-नऊ वर्षं पाहिल्या. फाटकावर अजून धूसर असायचं. कुणी एसटीनं, कुणी तुमतुम रिक्षानं, कुणी चालत यायचं. न्हाऊन आलेल्या बायकांच्या वेण्यांतून पाणी ठिबकत असायचं आणि डब्यांतून गरम भाकरीचा वास. तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी, सगळ्या भाषांत एकदमच चेष्टामस्करी चालायची आणि कुणाचं काही अडायचं नाही. पूर्वेच्या जाळीतून कोवळं ऊन आत येऊन टॉवेलांच्या ढिगांवर पडायचं. साडेदहाला भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, ताक. दीड वाजता साठ मशिनी एकदम बंद व्हायच्या आणि कान मोकळे व्हायचे. मग डोक्यावर ओले टॉवेल घेऊन बायका फाटकातून बाहेर पडायच्या. मी खिडकीतून बघत असायचे आणि शाळा सुटल्यावर होतो तसा आनंद मला उगाचच व्हायचा.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं. काळं रान, ज्वारी, आणि नजर जाईल तिथवर सावलीला झाड नाही. उन्हाळ्यात आमचे अण्णा पहाटे रानात जायचे ते दहाच्या आत घरी. काम निम्मं राहिलं असलं तरी तसंच टाकून यायचे. आई कधी म्हणाली, अजून तासभर केलं असतं तर आटपलं असतं, की अण्णा चपला काढत म्हणायचे, "रान कुटं पळून जातंय व्हय?" त्यांना कधी कुणी विचारलं नाही की अण्णा, ऊन आहे याला पुरावा काय. मी त्या घरात वाढले. म्हणून माझा राग दुसऱ्या कुणावर जाण्याआधी माझ्यावर येतो, आणि तिथेच बराच वेळ थांबतो.

चार वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात आमच्याकडे डिबेट ट्रेनिंग आलं. थोरले साहेब आजारपणामुळे घरी बसले होते आणि धाकट्या साहेबांच्या हाती कारभार आला होता. ते बाहेर शिकून आलेले, बोलायला गोड, शिपायालाही अहो-जाहो करणारे. त्यांच्या असं लक्षात आलं की आपल्या माणसांना बोलता येत नाही. सुपरवायझर मीटिंगमध्ये माना हलवतात, ऑफिसातले लोक मुद्दा सोडून भलतंच बोलतात, शेडमधल्या बायका तक्रार नीट मांडत नाहीत. यावर उपाय म्हणून पुण्याहून ट्रेनर बोलावला, तीन दिवस, कँटीनच्या वरच्या एसी हॉलमध्ये. अख्ख्या कारखान्यात थंडगार अशी ती एकच जागा. उन्हाळ्याची वेळ असावी की नसावी यावर वाद झाला तो तिथे, अंगावर पदर ओढून घ्यावा अशा गारव्यात.

ट्रेनरवर माझा फारसा राग नाही. थोडा आहे. तरुण मुलगा होता, घसा बसेपर्यंत शिकवायचा. तो सांगायचा, तुमचं स्वतःचं मत काय याला इथे महत्त्व नाही, जी बाजू वाट्याला येईल ती लढवता आली पाहिजे. 'मला वाटतं' असं म्हणायचं नाही. भावनेत शिरायचं नाही. समोरच्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येईल असा प्रश्न विचारायचा, म्हणजे आपला मुद्दा त्याच्याच तोंडून बाहेर येतो. शिकण्यासारखं त्यात पुष्कळ होतं, हे मी आजही नाकारणार नाही. आमच्या स्टोअरमधला एक जन्माचा मुखदुर्बळ माणूस तिसऱ्या दिवशी साहेबांसमोर ताठ उभा राहून बोलला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बोलता येणं ही काही वाईट गोष्ट नाही.

आणि मला तर ते आधीपासून येत होतं. कॉलेजात असताना सोलापुरातली एक वादविवाद स्पर्धा मी सोडली नाही. एकाच विषयाची बाजूही मी पाठ करायचे आणि विरुद्ध बाजूही. सकाळी हुंडाबंदीचा कायदा निकामी आहे असं सिद्ध करायचे आणि दुपारी तो कसा उपयोगी आहे हे सिद्ध करून चषक घेऊन घरी यायचे. लोक म्हणायचे, सुवर्णाची जीभ म्हणजे कात्री. मला ते कौतुक वाटायचं. कात्री कापते काय, हे बघायचं मला कधी सुचलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी खराखुरा वाद झाला. विषय आपल्याच कामातले हवेत म्हणून ऑफिसनं तीन लिहून दिले होते. मोबाइल लॉकरमध्ये ठेवावेत का, कँटीनचा चहा बंद करावा का, आणि उन्हाळ्याची सकाळची वेळ असावी का. चिठ्ठ्या कँटीनच्या स्टीलच्या डब्यात घालून फिरवल्या. माझ्या चिठ्ठीवर तिसरा विषय आला, आणि बाजू आली 'नसावी'. माझ्याविरुद्ध शेडमधलं कुणीतरी हवं म्हणून ट्रेनरनं महादेवी अक्काला उठवलं. धाकटे साहेब शेवटच्या खुर्चीत बसून मोबाइलवर सगळं शूट करत होते. त्यांनी हे सगळं आधीच ठरवलं होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. आणि ठरवलेलं नसलं तरी माझ्या वागण्यात काही फरक पडला नसता.

महादेवी अक्का म्हणजे शेडमधली सगळ्यांत जुनी बाई, नारळ फोडणारी. अक्कलकोटकडच्या एका गावातली, घरात कन्नड, बाहेर मराठी. वर्षानुवर्षं दुपारचा डबा आम्ही एकत्र खाल्ला. तिची भाकरी माझ्या ताटात आणि माझी पोळी तिच्या ताटात. मी नवीन लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात रडत होते, तर ती शेजारी येऊन बसली आणि काही न विचारता म्हणाली, "जेव यव्वा. पोटात पडलं की बरं वाटतंय."

ती उभारली. पदर खोचला. "शेडात लई उकडतंय," ती म्हणाली. "दुपारचं बसवत न्हाय. सकाळचीच येळ बरी हाय." आणि खाली बसली. तिचं भाषण एवढंच. ट्रेनरनं तिला पुन्हा उभं केलं आणि मला प्रश्न विचारायला सांगितलं.

एरवी मी तिला 'अक्का, तू' म्हणते. तिथे मी म्हणाले, "महादेवीबाई, तुम्ही शेडमधलं तापमान कधी मोजलंय?" तिनं चमकून माझ्याकडे बघितलं.

"न्हाय."

"मग जास्त उकडतं असं कशावरून म्हणता?"

"अंगाला कळतंय की."

हॉल हसला. मी ते हसू पुरतं विरेपर्यंत थांबले. कुठे थांबायचं हे मला चांगलं कळतं.

"सकाळची वेळ असते तेव्हा किती वाजता उठता?"

"साडेतीनला."

"झोप पुरते? हो की नाही?"

"न्हाय पुरत, पण…"

"हो की नाही, एवढंच सांगा. आणि मागच्या उन्हाळ्यात तुम्हीच म्हणाला होतात ना, की पहाटे अंधारात फाट्यापर्यंत चालत यायला भीती वाटते?"

हे तिनं मला डबा खाताना सांगितलं होतं, आवाज खाली करून. फाट्यावर एक दारुडा उभा असायचा. तिच्या घरीसुद्धा हे ठाऊक नव्हतं, घरी कळलं असतं तर कामच सोडायला लागलं असतं. तिनं एकदा खाली बघितलं आणि म्हणाली, "व्हय."

मग मी सभेकडे वळले. बायकांची झोप, बायकांची सुरक्षितता, पहाटे चुलीपुढे बसणाऱ्या आया, अंधारातला रस्ता. "जी वेळ बायकांच्या सोयीसाठी म्हणून सुरू झाली, तिची सगळ्यांत जास्त किंमत बायकाच मोजत आहेत," असं माझं शेवटचं वाक्य होतं. काय टाळ्या पडल्या! ट्रेनरनं विचारलं, "कोण सरस बोललं? हात वर करा." हातच हात. शेडमधल्या बायका सगळ्यांत उंच हात करून हसत होत्या, आपली ताई जिंकली म्हणून. मला त्या क्षणी इतकं छान वाटलं की त्याचीच मला आता सगळ्यांत जास्त चीड येते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अक्का नारळ घेऊन आली तेव्हा फलकावर नोटीस लागलेली होती. कर्मचाऱ्यांच्या चर्चासत्रात दोन्ही बाजूंचा विचार होऊन बहुमतानं पसंती मिळाल्यामुळे, तसंच महिलांची झोप व सुरक्षितता लक्षात घेऊन, उन्हाळी वेळ बंद करण्यात येत आहे. वर्षभर नऊ ते साडेपाच. वाक्यं माझीच होती, फक्त टाइप केलेली. कारखान्याला माणशी रोज दीड तास जास्त मिळाला होता, त्याचा उल्लेख नव्हता. बायका माझ्या खिडकीशी आल्या. "ताई, त्यो खेळ हुता न्हवं?" एकीनं विचारलं. बाकीच्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, मला ती चिठ्ठी आली होती. ते माझं मत नाही. बायकांनीही हात वर केले ते कोण चांगलं बोललं यासाठी."

"चिठ्ठी काहीही असू दे," ते हसून म्हणाले. "तुम्ही मांडलेले मुद्दे खरे होते की नाही?"

"खरे होते, पण…"

"मग? तुम्ही मलाच पटवून दिलंत. आता वेगळं म्हणणं असेल तर आकडेवारीसकट मांडा, मी ऐकायला बसलोय."

मी परत आले. आकडेवारी मांडली नाही. मी भ्यायले असं म्हणून सुटका करून घेता येईल, पण नुसती भीती नव्हती. मला सर्टिफिकेट मिळालं होतं आणि जूनपासून माझ्या पदाच्या आधी 'सीनियर' लागणार होतं. लोकांचा आवाज दाबला जातो असं आपण मोठ्या तोंडानं म्हणतो. माझा कुणी दाबला नव्हता. मीच तो नीट घडी घालून कपाटात ठेवला.

तो उन्हाळा मला तासातासानं आठवतो. चैत्र कसाबसा गेला. वैशाखात शेडमधली बडबड थांबली. गाणी थांबली. माठ दिवसाला चारदा भरावा लागायचा. दुपारी तीनच्या सुमाराला मी हजेरीसाठी आत गेले की बायका डोळे न उचलता शिवत असायच्या, चेहरे लाल नव्हे, करपल्यासारखे काळपट. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. अक्का तर रोज डब्याला बोलवायची. मी काम आहे म्हणायचे.

एका दुपारी ती मशीनवर पुढे झुकली ती तशीच राहिली. पाय पेडलवर होता, त्यामुळे मशीन चालूच राहिलं आणि टॉवेल सरळ पुढे जात राहिला. शेजारणीला आधी कळलंच नाही. उचलून बाहेर आणली तेव्हा अंग भाजत होतं आणि घाम एक थेंब नव्हता. ती कन्नडमध्ये काहीतरी बडबडत होती, कुणाला हाका मारत होती. दवाखान्यात आठ-दहा दिवस काढून वाचली. पण त्यानंतर तिला ऊन सोसेना, दहा पावलं चाललं की भोवळ यायची. तिनं काम सोडलं. रजिस्टरमध्ये काम सोडण्याचं कारण लिहायचा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं, 'वैयक्तिक'. माझंच अक्षर आहे, वळणदार.

तेव्हापासून दर फाल्गुनात ट्रेनिंग होतं. नवी माणसं येतात, त्यांना पटवून देण्याची कला शिकवतात आणि नमुना म्हणून माझा तो व्हिडिओ दाखवतात. मला पुढे बसवतात. ट्रेनर दर वर्षी वेगळा असतो, पण सगळे माझ्या त्याच थांबण्याचं कौतुक करतात. "बघा, मॅडमनी हशा पूर्ण होऊ दिला." नवी मुलं माना डोलावून लिहून घेतात. ज्या बाईवर तो हशा झाला ती कोण, पुढे तिचं काय झालं, हे चार वर्षांत एकानंही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. इतकी वर्षं मी तो व्हिडिओ लागला की खाली मान घालून मोबाइल बघत बसायचे.

यंदा हॉलमध्ये मोठा पडदा बसवलाय. मान खाली घातली तरी कडेनं दिसतंच. व्हिडिओत हात वर करायची वेळ आली आणि मी पाहिलं, डाव्या बाजूला, माझ्याविरुद्ध उभारलेली अक्का. तिचाही हात वर होता. हसत नव्हती, पण हात पुरता वर, बांगड्या कोपराकडे घसरलेल्या. मला तिथे बसवेना. पोटात दुखतंय असं सांगून मी खाली आले आणि टाइम ऑफिसचं दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी तिच्या गावाला गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. ती उंबऱ्याच्या आत, सावलीच्या रेषेला धरून बसली होती, लसूण सोलत. "बा यव्वा, बा," ये बाई ये, म्हणून उठायला लागली, मी तिला बसवलं. पाणी झालं, चहा झाला, घरच्या चौकशा झाल्या. मग मी विचारलं, "अक्का, त्या दिवशी तू माझ्यासाठी हात का वर केलास?"

"अय्यो, अजून त्येच धरून बसलीस?" ती म्हणाली. "सर म्हणले, कोण सरस बोललं. तूच सरस बोललीस. मग खोटं कशाला दाखवू?"

"पण मी तुझ्याविरुद्ध बोलत होते."

"व्हय की. लई वंगाळ वाटलं मला, फाट्याचं बोललीस तवा." ती लसणाच्या पाकळीवरचं साल काढत राहिली. "पण बोललीस चांगलं. आन् मला वाटलं, खेळ संपला की तू सांगचील सायबाला. तुला तर सगळं ठावं हाय."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला इतका राग आला की मी तिथून तरातरा निघाले, रस्त्याला लागेपर्यंत चपला हातातच होत्या. एवढ्या थंड हॉलमध्ये, एवढ्या हुशार माणसांत, खरं बोलणारी ती एकटी होती. तिनं उकडतंय ते उकडतंय म्हटलं, झोप पुरत नाही ती नाही म्हटलं, मी सरस बोलले ते सरस म्हटलं. आम्ही तिच्याकडे पुरावा मागत होतो.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन शेडमध्ये गेले. चार वर्षांनी त्या बायकांत बसले. म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले ते मला पटलेलं नव्हतं. पुढे मी गप्प राहिले ते माझ्या फायद्यासाठी."

"आमाला म्हाईत हाय की," पद्मा म्हणाली. ही शिलाईतली आता सगळ्यांत जुनी, विणकरांच्या तेलुगू घरातली, तोंडाळ. "सांगायला एवढा उशीर का केलास त्येवढं सांग." कुणीतरी हसलं. पद्मानं घास गिळला, पाणी प्यायली. "बरं, आता ऐक. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आमी साडेसहाला येतो. सायबाला काय सांगायचं न्हाय, अर्ज न्हाय, काय न्हाय. आमी येतो. किल्ली तुझ्याकडं हाय."

मी डब्याला झाकण लावलं आणि उठले. पुढचे दहा दिवस मला धड झोप लागली नाही. शेडचं कुलूप आणि हजेरीचं मशीन, दोन्ही माझ्या ताब्यात. वेळेआधी उघडायचं तर साहेबांची लेखी परवानगी लागते. माझ्या नोकरीवर घर चालतं, हे काही मला नव्यानं कळत नव्हतं. शिवाय माझ्या डोक्यात ते जुनं यंत्र चालूच होतं. न उघडण्याच्या बाजूचे सात मुद्दे तयार होते, एकाहून एक चोख. उघडण्याच्या बाजूला एकच होता.

परवा, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सव्वासहाला मी गाडी लावली. बायका आलेल्या होत्या. सगळ्या नव्हत्या, पण चाळीसच्या वर असाव्यात. कुणी घोषणा देत नव्हतं. डबे मांडीवर घेऊन शेडच्या पायरीवर बसल्या होत्या, काही उभ्या. पद्मा म्हणाली, "उघडतीस का आमी हितंच बसू?" मी पर्स उघडली. किल्ली दोनदा भलतीकडेच गेली. तिसऱ्यांदा लागली. दार सरकवलं तेव्हा आत रात्रीची थंड हवा कोंडलेली होती, ती तोंडावर आली. बायका आत गेल्या आणि मशिनी सुरू झाल्या.

साहेब नऊला आले. आवाज चढवला नाही, त्यांचा कधी चढत नाही. "तुम्हाला हे कुणी पटवलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही. "मग यामागे विचार काय?" मी पुढ्यातलं रजिस्टर उघडलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं, इतकी बोलणारी बाई बोलत कशी नाही याचं. दीड वाजता मशिनी बंद झाल्या, बायका डोक्यावर ओले टॉवेल घेऊन गेल्या, आणि अडीच वाजता माझ्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस आली. तीन दिवसांत सविस्तर आणि मुद्देसूद खुलासा द्यावा. काल सकाळीही मी साडेसहाला दार उघडलं, आजही. काल पहिल्या दिवशीपेक्षा जास्त बायका होत्या, आज सगळ्या होत्या.

आज रविवार नाही, पण मी अर्धी रजा टाकून घरी आले आहे. टेबलावर तीन कागद आहेत. पहिल्यावर मी शेडमधल्या तापमानाचे आकडे मांडायला घेतले होते, दुसऱ्यावर उत्पादनाचे, तिसऱ्यावर कायद्याचं काहीतरी. तिन्हींची सुरुवात उत्तम झाली होती. वाचताना मलाच टाळ्या ऐकू यायला लागल्या आणि मी तिन्ही फाडून टाकले. मग चौथा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं ते एवढंच. शेडमध्ये फार उकडतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मृग निघेपर्यंत दार रोज साडेसहाला उघडेन. खाली सही केली आणि कागद पाकिटात घातला.